लाल मशीन भाड्याच्या घरातलं नाही

मिनिआपोलिस, संक्रांत

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, परवा व्हिडिओवर तुम्ही विचारलंत, "भाड्याच्या घराला मालक बर्फ काढायचं एवढं मोठं मशीन देतो काय गे?" आणि मी नेटवर्कचं निमित्त करून फोन ठेवला. नेटवर्क चांगलं होतं. घर भाड्याचं नाही. ऑक्टोबरात घेतलं. संदीप तेव्हाच सांगूया म्हणत होता, मीच म्हटलं दिवाळी होऊ दे. मग आईच्या गुडघ्याचं निघालं आणि राहूनच गेलं.

घर घेतलं म्हणजे परत येणार नाही असं नाही. पोरीची शाळा जवळ, भाडं दर वर्षी वाढणार, हप्ता जवळपास तेवढाच... हे स्वतःला इतक्यांदा समजावलंय की पाठ झालंय. आई, जांबोटीतली माझी खोली तशीच ठेव. भाताची पोती रचलीस तरी चालेल, खिडकीकडची जागा तेवढी सोड.

मी बर्फात फावडं मारते म्हणून तुला धास्ती असते ना, ते आता बंद. डिसेंबरात संदीपची कंबर धरली. शिवाय बर्फ उपसताना इथे माणसांना हार्टचे झटके येतात. थंडीनं नसा आकसलेल्या, त्यात ओझं. म्हणून मशीन घेतलं, चैन म्हणून नव्हे. लहान मशीन स्वस्त होतं, पण त्याची रबरी पाती जमिनीला घासत जातात आणि आमच्या गॅरेजपुढे खडी आहे. दगडच उडाले असते. हे मोठं. पुढचा स्क्रू बर्फ आत ओढतो, मागचा पंखा तो नळीतून लांब फेकतो, आणि बाजूच्या लोखंडी पट्ट्या खाली सरकवल्या की स्क्रू खडीच्या वर राहतो. रुंदी २४ इंच. रस्ता साफ करणारी गाडी आमच्या दारात ओल्या बर्फाचा बांध घालून जाते, तो फोडायला हेच लागतं.

बाबा, मशीन सुरू करायची दोरी ओढताना आपल्या विहिरीवरचं इंजिन आठवतं. हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, उलटं फिरलं तर मोडतो, असं तुम्ही दादाला शिकवत होता. मी भाकरीचं फडकं घेऊन बांधावर उभी. मला कुणी शिकवलं नाही, तरी शिकले मीच.

गेल्या आठवड्यात बर्फाखालचं वर्तमानपत्राचं पुडकं स्क्रूत अडकलं. खट्ट! स्क्रूची पिन तुटली. ती मुद्दाम कच्चीच असते, ती तुटते म्हणून गिअर वाचतो. संदीप पेटीतला पक्का बोल्ट घालायला निघाला होता, मी घालू दिला नाही. इंजिन बंद केलं, प्लगची वायर काढली, काठीनं पुडकं उचकटलं. हात घातला नाही, आई. इंजिन बंद असलं तरी आत ताण राहतो, अडकलेलं सुटलं की पातं झटक्यानं फिरतं. देवाशप्पथ, नाही घातला. सुरूही गॅरेजच्या बाहेर आणूनच करते, आत धूर कोंडला तर जीवावर बेततं. हिवाळा संपला की पेट्रोल संपेपर्यंत चालवून ठेवायचं, नाहीतर कार्बोरेटरमध्ये चिकटा धरतो.

आता तुमचं. बाबा, मृगाच्या आधी कौलं परतायला तुम्ही वर चढायचं नाही. गडी लावा, पैसे पाठवलेत. मागल्या वेळी "नुसतं बघायला चढलो" म्हणालात, ते बघणं पुरे. आई, गोळ्यांच्या डबीवर वार लिहिलेत ते शोभेला नाहीत. गुडघा दाखवायला बेळगावला बसनं नको, गाडी करा. बँकेचा कानडी कागद कुणाकडून वाचून घेतल्याशिवाय सही नको. ओरडत नाहीये. बरं, थोडी ओरडतेय.

आणि मे महिन्यात येते म्हटलं होतं, ते या वर्षी जमत नाही. पहिलं वर्ष हप्त्यांचं. गणपतीला नक्की. तिकीट काढलंय. हे खरं सांगतेय, फोटो पाठवते.

बाबा, रविवारी फोन मशीनजवळ धरते. सुरू होताना दोनदा खोकतं. मी चोक लवकर बंद करते की काय, ऐकून सांगा.

तुमची,
चिंगी