बैल सोडून घोडे जुंपू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघालेल्या वसाहतकारांवर कथामाला सुरू झाली आहे. असा विषय मराठीत क्वचितच येतो, त्यामुळे मनापासून स्वागत. पण पहिल्याच कथेतला तांडा चार-चार घोड्यांच्या भरधाव गाड्यांचा आहे. चित्रातही गाडीवान वर बसून लगाम ओढताना दिसतो. ओरेगॉनच्या वाटेवर बहुतेक गाड्या बैलांच्या होत्या. ही चूक पहिल्याच भागात सुधारली तर पुढचे भाग खरे उतरतील, म्हणून हे पत्र.

मिसुरीतल्या इंडिपेंडन्स गावापासून पश्चिमेकडच्या ओरेगॉनपर्यंत सुमारे 2,000 मैल. घोड्याला एवढी मजल मारायची तर दाणा लागतो, आणि पाच महिन्यांचा दाणा भरला तर गाडीत दुसरे काही मावणार नाही. बैल वाटेवरच्या गवतावर निभावतो, स्वस्त मिळतो, बुजून पळण्याचा धोका कमी आणि अगदीच वेळ आली तर खाताही येतो. म्हणून एका गाडीला दोन-तीन जोड्या. चाल ताशी दोन मैल, दिवसाला 12 ते 15 मैल. गाडीवान बैलांच्या डाव्या बाजूने पायी चालायचा. हातात चाबूक असे, पण लगाम किंवा वेसण काही नाही. ‘जी’ म्हटले की उजवीकडे, ‘हॉ’ म्हटले की डावीकडे. घरचे लोकही बहुधा चालतच असत, कारण गाडीला स्प्रिंग नव्हते आणि आत सुमारे टनभर ओझे असे.

चित्रकारासाठी एक बारकावा: त्या बैलांना वशिंड नसते. आपल्याकडचे शिवळ-सापतीचे जू तिथे काढू नये. वाकवलेल्या लाकडाची कमान गळ्याखालून घेऊन तिची टोके जुवातून वर काढत आणि खिळीने अडकवत. गाडीही पेनसिल्व्हेनियातली अवजड कोनेस्टोगा नव्हे, तर साधी शेताची गाडी. साटा साधारण 10 फूट लांब, 4 फूट रुंद, वर जवसाचे तेल चोळलेले कॅनव्हास.

खरे नाट्य या गाडीच्या चाकात आहे. कोरड्या पठारावर लाकूड आकसते, आरे खुळखुळतात आणि लोखंडी धाव निसटते. मग धाव आणि लाकडाच्या घेरामध्ये पाचरी ठोकायच्या, रात्रभर चाक नदीत बुडवून ठेवायचे. तेवढ्याने भागले नाही तर धाव तापवून पुन्हा चढवायची. मागे टांगलेल्या बादलीत डांबर आणि चरबीचे वंगण असे. बैलाचे खूर झिजले की दुभंगलेल्या प्रत्येक खुराला दोन, म्हणजे एका बैलाला आठ पत्र्या. बैल तीन पायांवर नीट उभा राहत नाही, म्हणून चर खणून त्यात त्याला उताणा लोळवत आणि मग ठोकत. प्लॅट नदीत वाळू पायाखालून सरकते, बैल मध्येच थांबला की गाडी रुतलीच. आपल्या वाचकांना गाडी ठाऊक आहे, तुंबा, साटा, धाव हे शब्दही ठाऊक आहेत. ते वापरले तर अर्धी कथा आपोआप जिवंत होते.

शिधा. अमेरिकी लष्करातले कॅप्टन रँडॉल्फ मार्सी यांनी 1859 मध्ये 110 दिवसांसाठी माणशी दिलेला हिशेब असा: पीठ 150 पौंड, खारवलेले डुकराचे मांस 25 पौंड, कॉफी 15, साखर 25, शिवाय मीठ आणि सोडा. पीठ दुहेरी कॅनव्हासच्या पोत्यांत. उन्हाने चरबी वितळून जाऊ नये म्हणून मांस कोंड्यात पुरलेले. झाडे संपली की चूल तिथल्या बायसनच्या वाळल्या शेणावर, म्हणजे थेट आपल्या रानशेण्याच.

कथेत स्थानिक जमातींच्या हल्ल्यात अर्धा तांडा मरतो. इतिहासकार जॉन उन्रू यांच्या मोजणीनुसार 1840 ते 1860 या वीस वर्षांत साऱ्या वाटांवर मिळून अशा चकमकींत 362 प्रवासी मेले, आणि प्रवाशांच्या हातून मेलेले स्थानिक लोक 426. गाड्यांचे कडे करत ते मुख्यतः रात्री गुरे आवरायला. माणसे मारली ती पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, विशेषतः 1849 ते 1852 मध्ये प्लॅटच्या काठी: तळाजवळच उथळ खड्डे खणून पाणी घ्यायचे आणि तिथेच शौच. सकाळी चालणारा माणूस रात्री पुरला जाई. उरलेले नदी ओलांडताना बुडाले, चाकाखाली सापडले किंवा स्वतःचीच बंदूक उडून मेले. शिवाय ‘रेड इंडियन’ हा शब्द टाळून शोशोनी, पॉनी, लकोटा अशी नावे द्यावीत. त्यांतल्या अनेकांनी प्रवाशांना वाट दाखवली, त्यांच्याशी देवघेव केली.

पुढच्या भागात डोनर तांडा येणार आहे, म्हणजे कॅलिफोर्नियाला जाताना सिएरा नेवाडा डोंगरात बर्फात अडकलेला तांडा. 87 माणसे, त्यांतली निम्म्याहून थोडीच अधिक जगली. ही कथा नेहमी बर्फात सुरू होते, पण तिचे मूळ बर्फात नाही. लॅन्सफर्ड हेस्टिंग्ज यांनी ज्या जवळच्या वाटेची शिफारस छापली, तिच्यावरून लिहिण्याआधी त्यांनी गाडी नेलेलीच नव्हती. वासाच डोंगरात झाडे तोडून रस्ता करावा लागला. मिठाचे वाळवंट 40 मैल सांगितले होते, निघाले 80च्या आसपास. तिथे पाण्यावाचून बैल उधळले, हरवले. सिएरा नेवाडाच्या खिंडीपाशी पोचेपर्यंत ऑक्टोबर सरला होता. लेखकाने ही कथा 31 जुलै 1846 रोजी, फोर्ट ब्रिजरहून गाड्या त्या वाटेला वळतात तिथून सुरू करावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक