बेपत्ता मुलगा आणि अकरा सारखी उत्तरे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

वर्धा नदीच्या काठावरील आमच्या गावातून यंदाच्या पौषात सतरा वर्षांचा एक मुलगा बेपत्ता झाला. आता ज्येष्ठ लागला, तरी त्याचा ठावठिकाणा नाही. मुलाचे आणि गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्याचा फोटो परिसरातील एसटी थांब्यांवर चिकटवलेला आहे आणि ज्यांनी ओळखायचे ते ओळखतीलच. मला लिहायचे आहे ते त्याच्या शोधातील पहिल्या सहा दिवसांविषयी आणि त्यानंतर गावाने धरलेल्या मौनाविषयी.

तुरीची सोंगणी झालेल्या एका वावरात त्या रात्री रोडग्यांची पार्टी होती. गोवऱ्यांच्या आरावर रोडगे, सोबत वांग्याची भाजी आणि वरण, हा आमच्याकडचा थंडीतला जुना बेत आहे. दारू त्यात अलीकडे शिरली. हा मुलगा धरून तेथे बारा जण होते. त्यांतील बहुतेक कॉलेजात जाणारी मुले, तर तिघे मोठी माणसे. वावरातून त्याचे घर पांदण रस्त्याने पायी पंचवीस मिनिटांवर आहे. सकाळपर्यंत तो घरी आला नाही. तिसऱ्या दिवशी पांदणीच्या कडेला, धुऱ्यापाशी (शेताच्या बांधापाशी) त्याची एक चप्पल सापडली, तिचा पट्टा शाबूत होता. दुसरी अद्याप मिळालेली नाही.

वडील शेतमजूर आहेत. दुसऱ्याच दिवशी दुपारी ते पोलीस पाटलांना सोबत घेऊन ठाण्यात गेले, मीही बरोबर होतो. तेथे आम्हाला आधी चोवीस तास थांबायला सांगण्यात आले. मग "पोट्टं आहे, पुण्या-नागपूरकडे गेलं असंन, येते वापस" असे उत्तर मिळाले. शेवटी संध्याकाळी केवळ मिसिंगची नोंद घेतली गेली आणि एफआयआर सहाव्या दिवशी दाखल झाला. मुलगी असती तर कदाचित इतका वेळ लागला नसता, असे बाहेर चहाच्या टपरीवर एक जण म्हणाला. ते मला खरे वाटते, आणि दोन्ही बाजूंनी लाजिरवाणेही वाटते.

चोवीस तास थांबण्याचा कोणताही नियम नाही. बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 10 मे 2013 रोजी दिलेल्या आदेशानुसार अठरा वर्षांखालील मूल हरवल्याची तक्रार आली की एफआयआर नोंदवायचा आणि अपहरण किंवा मानवी तस्करी झाली असावी असे गृहीत धरूनच तपासाला लागायचे आहे. मूल आपणहून गेले असे पुढे निष्पन्न झाले, तर ते तपासात निघेल. ते आधीच ठरवून तपास टाळता येत नाही. पूर्वी एक पळवाट तरी होती, कारण भारतीय दंड संहितेच्या कलम 361 मध्ये पालकांच्या ताब्यातून पळवून नेण्याच्या गुन्ह्यासाठी मुलग्यांचे वय सोळापर्यंत आणि मुलींचे अठरापर्यंत धरले होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 137 ने हा फरक काढून टाकला. म्हणजे सतरा वर्षांचा मुलगाही आता कायद्याने बालकच आहे. ठाण्याच्या भिंतीवर 1098 या चाइल्डलाइन क्रमांकाचा फलक आमच्या डोळ्यांसमोर लटकत होता, आणि त्याखालीच बसून वडिलांना मुलाच्या स्वभावाविषयी प्रश्न विचारले जात होते.

हा मुलगा निघून जाण्याच्या तयारीत होता असे मानायला काहीही आधार नाही. कापूस वेचणीतून मिळालेले त्याचे पैसे घरी डब्यात तसेच होते, मोबाइलचा चार्जर खुंटीला लटकत होता आणि बारावीची परीक्षा महिन्याभरावर आली होती. त्याचे हॉल तिकीट कॉलेजात अजून पडून आहे.

सहा दिवसांत काय गेले ते सांगतो. फाट्यावरच्या एका दुकानाच्या कॅमेऱ्यात जेमतेम पाच दिवसांचे चित्रण राहत होते, ते पुसले गेले. मध्ये अवकाळी पावसाची एक सर येऊन गेली आणि जिल्ह्याहून श्वान आले तेव्हा त्या पांदणीवरून कापसाच्या कितीतरी बैलबंड्या गेल्या होत्या. मोबाइलच्या नोंदी मात्र राहिल्या, कारण कंपन्यांना त्या दोन वर्षे ठेवाव्या लागतात. त्यावरून वडिलांना सांगण्यात आले की त्याचा फोन रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी बंद झाला. टॉवर एकच असून त्याच्या टप्प्यात आमचे सारे शिवार आणि नदीपलीकडचा काठही येतो, त्यामुळे जागा कळत नाही. वेळ मात्र कळते.

आणि त्या वेळेचाच मेळ बसत नाही. पार्टीतील अकराही जणांनी जबाब दिला आहे की "तो साडेदहाला एकटाच निघाला, आम्ही थांबलो." मी ते वाक्य त्यांच्यापैकी सहा जणांच्या तोंडून स्वतः ऐकले आणि शब्दांचा क्रमसुद्धा बदललेला नव्हता. मी एकतीस वर्षे मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. एकाच बाकावरच्या दोघांचे उत्तर सारखे आले तर दोघांनी अभ्यास केला असेल असे म्हणता येते, पण अख्ख्या वर्गाचे उत्तर काना-मात्रेसकट सारखे आले की फळ्यावर कोणी लिहून दिले होते ते शोधावे लागते. खरे सांगणाऱ्या अकरा माणसांत एखादा तरी "दहा वाजले असतील" म्हणतो, एखाद्याला घड्याळ आठवत नाही, कोणी कोणाशी वाद घालतो. साडेदहाला निघालेल्या मुलाने अकरापर्यंत घर गाठायला हवे होते. त्यानंतरची चाळीस मिनिटे त्याचा फोन चालू होता.

यातील मुलांवर मी आरोप करीत नाही. ती घाबरली आहेत, आणि भीतीची कारणे गावात कोणालाही विचारा, हळू आवाजात सांगितली जातील. पहिले कारण दारू. आपल्या राज्यात बीअरसाठी 21 आणि कडक दारूसाठी 25 वर्षांची अट आहे आणि बालकाला दारू देणाऱ्यास बाल न्याय अधिनियमाच्या कलम 77 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. ती बाटली आणणाऱ्या मोठ्या माणसाला हे आता नक्कीच माहीत झाले असणार. दुसरे कारण नदी. पलीकडे वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि अलीकडून तिकडे रात्रीचा जो माल जातो त्याच्या वाटा आमच्याच शिवारातून उतरतात. त्या वाटांवर कोण भेटले याची चर्चा आमच्याकडे करीत नाहीत. तिसरे कारण करंट. रानडुकरे आणि रोही (नीलगाई) यांच्यापासून पीक वाचवण्यासाठी धुऱ्यावरच्या तारेत चोरून थेट वीज सोडण्याने विदर्भात वाघही मेले आहेत आणि माणसेही. शेतकऱ्याची हलाखी मला कळते, पण रात्री अशी तार सोडलेला माणूस सकाळी पोलिसांना काय सांगेल हेही कळते. या तिन्हीपैकी एकही गोष्ट घडली असे माझे म्हणणे नाही. तिन्ही तपासून बाजूला सारल्या गेल्या आहेत काय, एवढेच मी विचारतो. कारण त्या आठवड्यात पंपांची थ्री-फेज वीज रात्रपाळीची होती आणि हरभऱ्याला पाणी द्यायला आमच्या पांदणीच्या दोन्ही बाजूंना माणसे जागी होती. माझ्या माहितीप्रमाणे त्यांतील चौघांना अजून कोणी काही विचारलेले नाही.

पाण्याच्या शोधाचेही तसेच. आतापर्यंत दोनच विहिरींत गळ टाकून पाहिले गेले. आमच्या शिवारात कठडा नसलेल्या विहिरी किती आहेत हे गावकऱ्यांनी आठवत बसण्याची गरज नाही, कारण विहिरींची नोंद सातबाऱ्यावर असते आणि तलाठी कार्यालयात बसून एका सकाळी त्यांची यादी निघते. त्यात प्लास्टिक अंथरलेली शेततळी धरा. त्यांच्या ओल्या, गुळगुळीत उतारावरून धडधाकट पोहणारा माणूसही वर येऊ शकत नाही. म्हणूनच कडेला दोर बांधून ठेवावा असे सांगितले जाते, पण आमच्याकडे एकाही तळ्याला तो नाही. उन्हाळ्यात पाणी तळाला गेले होते, तेव्हा हे काम सर्वांत सोपे होते. आता पावसाळा तोंडावर आहे, आणि एकदा विहिरी भरल्या की दिवाळीपर्यंत थांबावे लागेल.

बाल न्यायविषयक 2016 च्या आदर्श नियमांनुसार चार महिन्यांत मूल सापडले नाही तर तपास मानवी तस्करी प्रतिबंधक कक्षाकडे जायला हवा आणि त्या कक्षाने दर तीन महिन्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला अहवाल द्यायला हवा. चार महिने उलटून गेले आहेत. तपास वर्ग झाला का, असे वडिलांनी विचारले, तेव्हा त्यांना "साहेब बंदोबस्तात आहेत" असे सांगण्यात आले. येत्या श्रावणात मुलगा अठराचा होईल आणि त्या दिवसापासून आपला अर्ज सज्ञान माणसांच्या गठ्ठ्यात जाईल, ही भीती त्यांच्या मनात कोणीतरी घालून दिली आहे. गुन्हा घडला त्या दिवशीचे वय धरले जाते, हे मी त्यांना तीनदा समजावले. त्यांचा विश्वास बसत नाही, आणि पहिले सहा दिवस पाहिल्यावर मी त्यांना दोष देऊ शकत नाही.

त्याची आई दर अठ्ठावीस दिवसांनी त्याच्या बंद मोबाइलचे रिचार्ज करते. नंबर दुसऱ्या कोणाला जाऊ नये म्हणून. दुकानदार पहिल्यांदा नको म्हणाला होता, आता काही न बोलता करून देतो.

पोलीस अधीक्षकांना माझी विनंती आहे की त्यांनी हा तपास तालुक्याबाहेरील अधिकाऱ्याकडे द्यावा, अकराही जणांचे जबाब पुन्हा आणि वेगवेगळे घ्यावेत, अल्पवयीनांना पालकांसमक्ष विचारावे, आणि पाऊस लागण्याआधी यादीप्रमाणे प्रत्येक विहीर व शेततळे तपासावे. त्या रात्री हरभऱ्याला पाणी देणाऱ्या माझ्या गावकऱ्यांनाही विनंती आहे. साडेदहा ते अकरा चाळीस या वेळात तुम्ही बॅटरीचा उजेड पाहिला असेल, मोटारसायकल ऐकली असेल किंवा मोटारपंप मधेच बंद पडला असेल, तर ते सांगा. ठाण्यात जायचे नसेल तर नाव न घालता चिठ्ठी लिहा आणि शाळेच्या तक्रारपेटीत टाका. मुख्याध्यापकांशी माझे बोलणे झाले आहे. सुट्टीतही पेटी दर सोमवारी उघडली जाते.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, वर्धा नदीकाठ