मंत्रिमहोदय, बाळ जन्मल्यावर त्याचं पुढं काय होतं?

प्रति,
मा. केंद्रीय आरोग्यमंत्री,
नवी दिल्ली

स. न. वि. वि.

परवा विमा कंपनीचं पत्र आलं. माझ्या लेकीच्या जिभेच्या ऑपरेशनचा खर्च मिळणार नाही, कारण ही म्हणे 'बाह्य जन्मजात विकृती' आहे. फोनवरच्या माणसानं समजावलं की डोळ्यांना दिसणारा दोष पॉलिसीत बसत नाही, आतला असता तर विचार झाला असता. साहेब, दोष आतलाच आहे. तो इतका आत आहे की तुमच्या कुठल्याच कागदावर त्याचं नाव नाही.

लेक इक्सीनं झाली, म्हणजे शुक्राणू थेट बीजांडात टोचून करायच्या आयव्हीएफनं, टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारानं. जन्मताना चांगली वजनदार होती, सगळे खूश. थोड्याच वेळात रक्तातली साखर घसरली आणि तिला एनआयसीयूत, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नेलं. जीभ तोंडात मावत नव्हती, दूध ओढता येत नव्हतं. मी ग्रहण पाळलं नाही म्हणून असं झालं, हे माझ्या तोंडावर बोलून झालं. पुढं एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड दिसू लागला. खूप फिरल्यावर एका जनुकतज्ज्ञ बाईंनी नाव सांगितलं: बेकविथ-वीडमन सिंड्रोम. या मुलांना लहानपणी मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या गाठींचा धोका असतो. म्हणून दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी, सातव्या वाढदिवसापर्यंत. प्रत्येक रिपोर्ट हातात येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

त्या बाईंनीच मला जिनोमिक इम्प्रिंटिंग समजावलं. काही जनुकांवर आईकडून की वडिलांकडून आल्याचे रासायनिक ठसे असतात आणि दोनपैकी एकच प्रत चालू राहते. अकराव्या गुणसूत्रावर वाढीला लगाम घालणारं एक जनुक आईच्या प्रतीवरून चालतं. तिथला मिथाइल नावाच्या रसायनाचा ठसा पुसला की ते जनुक बंद पडतं आणि लगाम सुटतो. गर्भधारणेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाकीचे बहुतेक ठसे पुसले जातात, हे मात्र टिकावे लागतात. आणि नेमके तेच दिवस आयव्हीएफचा गर्भ प्रयोगशाळेतल्या बशीत काढतो. दोष बशीचा, हार्मोनच्या इंजेक्शनांचा की मुळातल्या वंध्यत्वाचा, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. पण संबंध आहे, हे 2003 पासून छापून येतंय. एरवी साधारण दहा हजारांत एखाद्या बाळाला होणारा हा आजार या मुलांमध्ये कुणी चौपट सांगतं, कुणी नऊपट. 2017 साली इटलीतल्या पिमाँट प्रांतातून दहापटीचा आकडा आला. तिथं मुलं मोजली, म्हणून आकडा आला!

दहापट धरली तरी हजारात एखादंच मूल, हे मलाही कळतं. आयव्हीएफची बहुतेक मुलं ठणठणीत असतात आणि उपचार बंद करा असं मी म्हणत नाही. त्याच उपचारानं मला आई केलं. पण आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीच्या तुमच्या 2021 च्या कायद्यात लिहिलंय की दवाखान्यानं जोडप्याला फायदे, तोटे, धोके समजावून सांगायचे. आमच्याकडून गठ्ठाभर कागदांवर सह्या घेतल्या. जुळ्यांचा धोका त्यात होता, पैसे परत मिळणार नाहीत हे तर ठळक अक्षरांत होतं. या आजाराचा उल्लेख नव्हता. एक ओळ असती, तर त्या रात्री साखर का घसरली हे कुणाला तरी सुचलं असतं आणि निदानासाठी आम्हाला दारोदार फिरावं लागलं नसतं.

त्याच कायद्यानं राष्ट्रीय नोंदवही आणली. दवाखान्यांच्या सेवांचे परिणाम तिच्यात नोंदवायचे आहेत. परिणाम म्हणजे फक्त बाळ जन्मलं की नाही एवढंच का? माझी लेक त्या हिशेबात 'यशस्वी' गणली गेली असेल. हायवेवरच्या होर्डिंगवर जे यशाचे टक्के झळकतात, त्यांत तीही एक असेल.

तुम्हाला राग येईल, पण बोलते. 1978 साली कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी देशातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाला, दुर्गाला, जन्माला घातलं, तेव्हा त्यांना खोटं ठरवायला सरकारकडे समिती होती. त्या माणसानं 1981 मध्ये जीव दिला. 1986 साली मुंबईच्या केईएममध्ये हर्षा अशीच टेस्ट ट्यूबनं जन्मली, तेव्हा देशभर कौतुक झालं. कायदा यायला मात्र 2021 उजाडलं. तोवर गल्लोगल्ली दवाखाने झाले, हप्त्यांवर बाळं मिळू लागली. या देशात मूल होईपर्यंत सगळे तुमच्या दारात उभे असतात: दवाखाना, बँक, सासर, देवस्थान. मूल आजारी निघालं की ते एकट्या आईचं.

संमतीपत्रात इम्प्रिंटिंगच्या आजारांची नावं घाला. आयव्हीएफच्या मुलांची नोंद निदान सात-आठ वर्षांपर्यंत ठेवा. मिथिलेशनची, म्हणजे त्या मिथाइलच्या ठशांची तपासणी आणि या सोनोग्राफी सरकारी रुग्णालयात फुकट करा. विमा कंपन्यांना जाब विचारा. आणि या देशात अशी किती मुलं आहेत, तो आकडा मला लेखी कळवा.

आपली,
एक आई