प्रवेशाआधी ग्रंथालय दाखवणाऱ्या ग्रंथपाल मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

१२ ऑगस्टला डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या जयंतीनिमित्त सगळीकडे ग्रंथपाल दिन साजरा होईल. त्याआधी तुमचे जाहीर आभार मानावेत असं मनापासून वाटलं, म्हणून हे पत्र.

मी निफाड तालुक्यातल्या एका गावात बारावीला शिकवतो. निकाल लागायच्या आतच आमच्या मुलांच्या हातात कॉलेजांची माहितीपत्रकं पडायला लागतात. त्यात इमारतीचे फोटो, प्लेसमेंटचे आकडे, गॅदरिंगची रोषणाई असं सगळं असतं. ग्रंथालयाच्या वाट्याला येते एक ओळ : ‘सुसज्ज ग्रंथालय’. पुस्तक घरी नेता येतं का, किती दिवस ठेवता येतं, वेगळे पैसे पडतात का, यातलं काहीच त्यातून कळत नाही. शेवटी फी आणि एसटीचा पास यांचा हिशेब जुळवून कॉलेज ठरतं.

तुम्ही मात्र प्रवेश सुरू होण्याआधीच फोन केलात. “मुलं आमच्याकडेच येतील असं काही नाही सर, पण एकदा ग्रंथालय बघून जाऊ द्या,” एवढंच म्हणालात.

मला वाटलं होतं, कपाटं दाखवाल, पुस्तकांची संख्या सांगाल, चहा होईल. तुम्ही आधी मुलांना काउंटरपाशी नेलंत आणि ‘कमवा व शिका’ योजनेत तिथे काम करणाऱ्या एस. वाय.च्या विद्यार्थ्याला बोलायला लावलंत. हा निर्णय मला फार आवडला. बीटी कार्डावर, म्हणजे पुस्तक घरी न्यायच्या कार्डावर, काय नेता येतं, आयकार्ड ठेवून वाचनकक्षात काय मिळतं, बुक बँकेतून पूर्ण सत्रासाठी पुस्तकांचा संच कसा घ्यायचा, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका कुठे बांधून ठेवल्यात, हे त्यानं आमच्या मुलांच्याच भाषेत सांगितलं. पुस्तकांच्या खर्चाला घाबरून बी.एस्सी.चा विचार सोडलेली एक मुलगी बुक बँकेचा अर्ज कधी भरायचा, हे त्याला पुन्हा पुन्हा विचारत होती. तो न कंटाळता सांगत होता.

मग संगणक. “तुमच्या घरातला एखादा प्रश्न सांगा, आपण शोधू,” असं तुम्ही म्हणालात आणि वर्ग गप्प झाला. शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा पुटपुटला, “डावणी.” त्याच्या घरची द्राक्षबाग आहे, आणि डावणीच्या रोगानं द्राक्षाचे घड गेले की त्या घरात काय होतं ते मी पाहिलेलं आहे. तुम्ही हसला नाहीत. “इंग्रजीत डाऊनी मिल्ड्यू म्हणतात,” असं म्हणत फळ्यावर स्पेलिंग लिहिलंत आणि त्यालाच खुर्चीत बसवलंत. आधी विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध ठेवणारी ‘शोधगंगा’ ही वेबसाइट उघडायला लावलंत, मग शेतीचे प्रबंध ‘कृषिकोश’ या वेबसाइटवर जास्त मिळतात म्हणून तिकडे नेलंत. प्रबंधांची यादी समोर आली. त्यानं एक उघडला. रोग कोणत्या हवामानात वाढतो, त्याचे तक्ते होते. तो पोरगा खुर्चीतून उठेचना. “हे मोबाईलवर दिसतं का? पप्पांना दाखवायचंय,” असं त्यानं विचारलं. दिसतं, आणि फुकट दिसतं, हे ऐकल्यावर वर्गातले निम्मे मोबाईल बाहेर आले. आमच्याकडे एरवी मोबाईल खिशात ठेवा म्हणून ओरडावं लागतं!

एक गोष्ट तुम्ही अगदी स्वच्छ सांगितलीत. आयआयटी खरगपूरनं उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, शोधगंगा, मराठी विश्वकोश हे सगळं आजपासूनच वापरा, त्यासाठी कुठल्याच कॉलेजात नाव लागत नाही. ‘एन-लिस्ट’ ही कॉलेजांसाठीची ऑनलाइन वाचनसेवा मात्र वर्गणीदार कॉलेजच्या विद्यार्थ्यालाच मिळते. त्यात ६,००० हून अधिक ई-जर्नल्स आहेत, लाखाहून जास्त ई-पुस्तकं आहेत, आणि लॉगिन मिळालं की घरी बसून वाचता येतं. “म्हणून प्रवेश कुठेही घ्या, पण एन-लिस्ट आहे का आणि विद्यार्थ्याला लॉगिन देता का, एवढं तिथल्या ग्रंथपालांना विचारा,” असं तुम्ही सांगितलंत. स्वतःच्या कॉलेजची जाहिरात करायची संधी असताना दुसरीकडे काय विचारायचं ते शिकवणारं माणूस मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

आणि मुलांनी विचारलं, मॅडम! काही जण तुमच्याकडेच आले. काही पिंपळगावला, काही नाशिकला दुसरीकडे गेले. तिथे त्यांनी अर्ज घेण्याआधी ग्रंथालय कुठे आहे ते विचारलं, एवढं त्यांच्या पालकांनी मला आवर्जून सांगितलं. डावणीवाला वनस्पतिशास्त्राकडे वळलाय. बुक बँकेवाल्या मुलीनं बी.एस्सी.ला प्रवेश घेतला आणि संचही मिळवला.

ज्यांचं नाव अजून तुमच्या रजिस्टरात नव्हतं, त्यांच्यासाठी तुम्ही आणि तुमच्या कर्मचाऱ्यांनी अख्खी सकाळ दिलीत. लायब्ररी अटेंडंट काकांनी तर प्रत्येकाला हवं ते पुस्तक कपाटातून काढून हातात दिलं. त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

आता एक विनंती. यंदाची बारावीची तुकडी आत्तापासूनच मागे लागली आहे. शक्य असेल तर दिवाळीच्या सुटीआधीचा एखादा दिवस कळवा. या वेळी काही पालकांनाही सोबत आणायचा विचार आहे. शनिवार असला तर त्यांना सोयीचं पडेल.

आपला कृतज्ञ,
बारावीचा एक वर्गशिक्षक