शुक्रवारचं सॅम्पल, सोमवारचा रिपोर्ट: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी तालुक्याच्या गावी लॅब टेक्निशियन आहे. शुक्रवारी संध्याकाळी लघवीचं सॅम्पल आलं की कल्चर लावते, म्हणजे त्यातले जिवाणू प्लेटवर वाढवायला ठेवते. प्लेट रात्रभर ३७ अंशांवर राहते. शनिवारी ग्रोथ दिसली की कोणतं औषध चालतं ते पाहायला अँटिबायोटिकच्या डिस्क, म्हणजे औषध लावलेल्या चकत्या ठेवायच्या आणि आणखी एक रात्र थांबायचं. रविवारी सही करायला डॉक्टर नसतात, म्हणून रिपोर्ट सोमवारी. तोवर पेशंटला अंदाजाने औषध सुरू झालेलं असतं.

गेल्या पावसाळ्यात सत्तरीच्या एका आजींचा रिपोर्ट मी टाइप केला. ई. कोलाय नावाचा जिवाणू. तीन दिवस ज्या औषधावर त्या होत्या, त्याच्यासमोर ‘रेझिस्टंट’, म्हणजे ते औषध या जिवाणूवर चालत नाही. नातू रिपोर्ट न्यायला आला तेव्हा आजी जिल्ह्याला आयसीयूत होत्या. “ताई, हे शुक्रवारीच कळलं नसतं का?” त्याने विचारलं. मला काही बोलता आलं नाही.

साहेब, शुक्रवारीच कळण्याचा मार्ग आता दिसू लागला आहे. साखर तपासायची पट्टी घरोघरी आहे. ती विजेचा बारीकसा प्रवाह मोजते. तशाच छापील इलेक्ट्रोडवर जिवाणू आणि अँटिबायोटिक एकत्र ठेवायचे. जिवाणू जिवंत राहिले तर ते रेझाझुरिनसारख्या रंगद्रव्यात बदल घडवतात आणि प्रवाह बदलतो. औषध लागू पडलं तर हा बदल मंदावतो. ग्रोथ डोळ्यांना दिसायची वाट पाहावी लागत नाही, म्हणून काही तासांत उत्तर मिळू शकतं. २०२४ मध्ये ब्रिटनचं ८० लाख पौंडांचं लाँजिट्यूड पारितोषिक स्वीडनमध्ये विकसित झालेल्या यंत्राला मिळालं. त्याची पद्धत निराळी, कॅमेऱ्याची आहे. पण लघवीतल्या जिवाणूंवर कोणतं औषध चालेल हे ते पाऊण तासात सांगतं.

मात्र अशा पट्ट्या थेट खरेदी करा, असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे येणाऱ्या लघवीत पू असतो, आणि पूपेशीही तो रंग बदलवतात. क जीवनसत्त्वाने प्रवाह बिघडतो. मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या गोळीचा अंश असला तर जिवाणू आधीच दबलेले असतात. स्वच्छ प्रयोगशाळेत वाढवलेल्या जिवाणूंवर हे प्रश्न येतच नाहीत.

म्हणून मागणी एवढीच: तीन-चार उपजिल्हा रुग्णालयांत वर्षभर प्रत्येक सॅम्पलचे दोन भाग करा. एक प्लेटवर, एक पट्टीवर. पट्टीने ‘औषध चालेल’ म्हटलं आणि प्लेटने ‘नाही’ म्हटलं, अशा चुका वेगळ्या मोजा, कारण तीच चूक जीव घेते. निकाल वाईट आले तरी जाहीर करा.

२०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२.७ लाख माणसं थेट औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे गेली. अशा जिवाणूंना रोखण्यासाठी केरळने २०१८ मध्येच राज्याचा कृती आराखडा केला. आपल्याकडे मेडिकल कॉलेजांच्या मायक्रोबायोलॉजी विभागांत जाणती माणसं आहेत, आणि सॅम्पल तर रोजच येतात. चाचणी आमच्या तालुक्यात झाली तर रात्रीची रीडिंग घ्यायला मी थांबेन.

आपली नम्र,
एक लॅब टेक्निशियन