पाठ दाखव, मान नको

मिरज

चि. अमेय यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कमरेसाठी आणि पोरीच्या रडण्यासाठी तुम्ही ज्या कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हातांनी मणके दाबून-हलवून इलाज करणाऱ्याकडे, जायचं म्हणताय, त्याच्या दवाखान्याच्या कार्डाचा फोटो केतकीने पाठवला, तो मोठा करून नीट वाचला. एका बाजूला पाठदुखी, मानदुखी, डोकेदुखी. दुसऱ्या बाजूला बाळाची पोटदुखी, कानाचे आजार, दमा, मुलांचं अंथरूण ओलं होणं. आणि सगळ्यांत खाली, ठळक अक्षरात, संपूर्ण कुटुंबासाठी वर्षाचं पॅकेज. बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "एवढ्या रोगांवर एकच इलाज फक्त जत्रेत मिळतो." त्यांचं सोड, त्यांना सगळ्याचीच थट्टा सुचते. पण फोनवर तू घाईत असतोस आणि मागे चिमणीने टाहो फोडलेला असतो, म्हणून सविस्तर लिहायला बसले.

निकाल आधीच सांगून टाकते, नाहीतर तू शेवटपर्यंत वाचणार नाहीस. तुझ्या कमरेला त्या कायरोप्रॅक्टरचा हात लागायला माझी हरकत नाही. मानेला झटका द्यायचा नाही. आणि पोरीला तिथे न्यायचंच नाही.

गंमत बघ, कंपनीने तुला पुण्याहून उचलून अमेरिकेत मोलीनला नेऊन ठेवलं, आणि नदी ओलांडली की डेव्हनपोर्ट. ही सगळी विद्या त्याच गावात जन्मली. डी. डी. पामर नावाचा गृहस्थ होता. आधी शाळामास्तर, मग किराणा दुकानदार, मग हातातल्या चुंबकशक्तीने रोग बरे करतो म्हणून गल्ला जमवणारा. 18 सप्टेंबर 1895 रोजी त्याने हार्वी लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि सतरा वर्षं ऐकू न येणाऱ्या त्या माणसाला ऐकू यायला लागलं, अशी पामरची गोष्ट आहे. मी ती वाचली तेव्हा पहिला विचार आला तो पहिल्या वर्षाच्या नर्सिंगच्या पोरीलाही येईल: ऐकण्याची नस कानातून थेट मेंदूत जाते, पाठीच्या मणक्यांशी तिचा काय संबंध? पण पामर तिथे थांबला नाही. शंभरातले पंच्याण्णव रोग मणके सरकल्यामुळे होतात असं त्याने लिहून ठेवलं. दोनच वर्षांत शाळा काढली. 1906 साली परवान्याशिवाय वैद्यकी केली म्हणून तुरुंगातही जाऊन आला. ती शाळा आज मोठं कॉलेज आहे, तुम्ही डेव्हनपोर्टला किराणा आणायला जाता तेव्हा कदाचित दिसतही असेल.

आता एवढ्यावरून सगळेच भोंदू असं मी म्हणणार नाही. तुमच्याकडे त्यांना पदवी घ्यावी लागते, राज्याचा परवाना लागतो. तिथल्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने त्यांना वाळीत टाकलं होतं, तेव्हा ते कोर्टात गेले आणि 1987 साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्यांच्यातही दोन तट आहेत. एक पाठ, कंबर, सांधे एवढंच बघणारा, व्यायाम शिकवणारा. दुसरा पामरच्या पंच्याण्णव टक्क्यांना अजून धरून बसलेला. तुमच्या हातातलं कार्ड कुठल्या तटाचं आहे ते दमा आणि अंथरूण वाचल्यावर मला वेगळं सांगायला नको.

तुझ्या कमरेचं म्हणशील तर बर्फ ओढताना उसण भरली, दुसरं काही नाही. सुमनआत्या आठवते ना? ती पायाळू. गल्लीत कुणाची कंबर धरली की माणूस सकाळी चहाच्या आधी आत्याच्या दारात. त्याने ओट्यावर पालथं पडायचं, आत्याने पदर खोचून, भिंतीला हात टेकून, डाव्या पायाचा चवडा दुखऱ्या जागेवर अलगद टेकवायचा, जोर अजिबात द्यायचा नाही, आणि तोंडाने कुणाला तरी हाक मारत राहायचं, "अगं, दूध उतू गेलं का बघ!" झालं. पैसे नाहीत, त्या दिवशी त्या माणसाने आत्याच्या घरचा चहासुद्धा घ्यायचा नाही. आणि लोक बरे व्हायचे! मी वॉर्डात पट्टे आणि ट्रॅक्शन लावणारी बाई, घरी आले की आत्या मला चिडवायची, "तुझे पेशंट महिनाभर पडून, माझे आठवड्यात शेतावर."

आत्या खोटं बोलत नव्हती. अचानक धरलेली कंबर बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप सुटते. ज्याचा पाय, हात, गोळी किंवा मलम त्या दिवसांत लागलं, नाव त्याचं होतं. म्हणून कुणाला बरं वाटलं एवढ्यावर ठरवायचं नसतं, दोन्हीकडचे पेशंट शेजारी ठेवून बघावं लागतं. तसं बघितलंय लोकांनी. 1998 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात कंबरदुखीच्या 321 जणांचे तीन गट केले. एका गटाला कायरोप्रॅक्टरने मणके हलवून दिले, दुसऱ्याला फिजिओथेरपी, तिसऱ्याच्या हातात नुसती माहितीची पुस्तिका. पहिल्या दोघांचा निकाल जवळपास सारखा, आणि पुस्तिकेपेक्षा किंचितच बरा. 2017 मध्ये असे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, तर दुखणं शंभरात दहा अंकांनी कमी, म्हणजे साधारण वेदनाशामक गोळीइतकं. त्याच वर्षी तिथल्या फिजिशियनांच्या संस्थेने सांगितलं की नव्या कंबरदुखीत गोळ्यांच्या आधी शेक, मालिश, ॲक्युपंक्चर किंवा मणक्यांची हालचाल करून बघा. शेक त्या यादीत आहे हे लक्षात ठेव, त्याला पॅकेज लागत नाही.

आणि तो "कट्" आवाज येतो ना, ज्याचं तुला फार अप्रूप वाटलं, तो हाड जागेवर बसल्याचा नव्हे. सांध्यातल्या द्रवात ताणाने वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. बोटं मोडतो तेव्हाचाच.

एक्स-रे काढून घ्यायची गरज नाही. हे मी सांगत नाही, अमेरिकेतल्या कायरोप्रॅक्टरांची स्वतःची संघटनाच सांगते: धोक्याची लक्षणं नसतील तर पहिले सहा आठवडे मणक्याचे फोटो काढू नका. त्यांनी 2017 मध्ये तशी यादीच जाहीर केली. सुधारणा मोजायला पुन्हा पुन्हा फोटो नकोत, हेही त्यात आहे. तुला पहिल्याच भेटीत पूर्ण मणक्याचा एक्स-रे, मग आठवड्याला तीनदा, मग "मेंटेनन्स" म्हणून वर्षभर असं सांगितलं असेल तर त्यांनाच नम्रपणे विचार, तुमच्या संघटनेची यादी बघितलीत का? चारपाच भेटींत फरक पडला नाही तर सहावी घ्यायची नाही, आणि एकदम पैसे भरायचे नाहीत. खरं तर कंपनीच्या विम्यात फिजिओथेरपिस्ट बसत असेल तर मी तिकडेच जा म्हणेन. तो तुला घरी करायचा व्यायाम देईल आणि लवकर सुट्टी देईल.

मानेबद्दल मात्र मी वाद घालणार नाही.

मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंना भोकं असतात, त्यांतून दोन धमन्या वर मेंदूकडे जातात आणि सगळ्यात वरच्या मणक्याशी वळण घेतात. मान झटक्याने फिरवली तर त्या वळणावर धमनीचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी धरते आणि ती मेंदूत जाते. फार क्वचित होतं, हे खरं. आधीच फाटलेल्या धमनीनेच मान दुखते आणि म्हणून माणूस कायरोप्रॅक्टरकडे जातो, असंही काही अभ्यास म्हणतात, तेही मी वाचलंय. पण मी एक पोरगा पाहिलाय. सलूनमध्ये दाढी झाल्यावर न्हाव्याने सवयीने मान दोन्हीकडे कडकड मोडून दिली होती. दुसऱ्या दिवशी डोकं दुखतंय, गरगरतंय म्हणून चालत आला, केस विंचरलेले, शर्ट इस्त्रीचा. पाण्याचा ग्लास पुढे केला तर हात ग्लासाच्या बाजूने निघून गेला. पुन्हा केला, पुन्हा तसंच. तो स्वतःच हसला, म्हणाला, "सिस्टर, नेम चुकतोय." त्याला तसाच न्यूरोकडे हलवला. जगला, पण सरळ चालायला कित्येक महिने लागले. ब्यूटी पार्लरमध्ये बेसिनवर मान मागे टाकून केस धुताना असाच मेंदूचा झटका (स्ट्रोक) आलेल्या पाच बायकांची नोंद 1993 साली अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात आली होती, म्हणजे ही काही माझ्या वॉर्डातली दंतकथा नव्हे.

तेव्हा टेबलावर झोपण्याआधी स्पष्ट सांग: मानेला हात लावायचा नाही. ऐकून हसला तर उठून ये. आणि मानेत वा डोक्यात एकाएकी कधी नव्हे अशी कळ, गरगरणं, दोन दोन दिसणं, बोलणं जड होणं, तोल जाणं, यातलं काही झालं तर थांबायचं नाही, लगेच 911 ला फोन.

आता चिमणी. केतकीच्या मैत्रिणीचं बाळ "एका ॲडजस्टमेंटमध्ये शांत झालं" म्हणे. होणारच. बाळाचं हे संध्याकाळचं रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, सहाव्या आठवड्याला कळस गाठतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. सहाव्या आठवड्यात हैराण होऊन तुम्ही कुणाकडेही नेलंत तरी पुढचे आठवडे आधीपेक्षा बरेच जाणार. सुमनआत्याचाच हिशेब.

मेलबर्नमध्ये एका कायरोप्रॅक्टरने दोन आठवड्यांच्या बाळाला घोट्यांना धरून उलटं लोंबकळवलं, तो व्हिडिओ 2019 साली गाजला. तिथल्या सरकारने चौकशी नेमली, तिला गंभीर इजेचे दाखले फार थोडे मिळाले आणि फायद्याचा भक्कम पुरावा काहीच मिळाला नाही. ज्यात मिळवायचं काही नाही त्यासाठी मी नातीला थोडासुद्धा धोका घेऊ देणार नाही. आणि हे ऐकून तू लगेच म्हणशील, "आई, आपल्याकडची न्हाऊ घालणारी बाईही असंच उलटं धरते." धरते. म्हणून तू झालास तेव्हा मी आमच्या अंजनाबाईंना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मालिश हवी तेवढी करा, पण पाय धरून उलटं करायचं नाही, नाक ओढायचं नाही, कानात तेल घालायचं नाही. त्या आठवडाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत. पण मालिश अशी करायच्या की तू आंघोळीनंतर दुपारपर्यंत घोरायचास. तशी हलक्या हाताची मालिश केतकीने खुशाल करावी, खोबरेल तेल लावून, खोली उबदार ठेवून, बाळ रडायला लागलं की थांबून.

घुटी, ग्राइप वॉटर, मध, कशालाही हात लावू नका. वर्षाच्या आत मध तर अजिबात नाही. तुझ्या सासूबाईंनी राईची उशी पाठवायची म्हटलंय, त्यांना मी समजावते. पाळण्यात उशी नको, पाठीवर झोपवा. दूध पाजल्यावर उभं धरून ढेकर काढा. तरीही रडली तर आळीपाळीने घ्या, आणि दोघांचाही संयम सुटतोय असं वाटलं तर तिला पाळण्यात नीट ठेवून पाच मिनिटं बाहेर व्हरांड्यात जा. रडून काही होत नाही, रागाने हलवल्याने होतं. ताप 100.4 फॅरनहाइट किंवा वर, हिरवी उलटी, शौचात रक्त, दूध ओढायला नकार किंवा ग्लानी, यातल्या एकाही गोष्टीला मात्र तिच्या डॉक्टरांना त्याच वेळी फोन, रात्र असली तरी.

आणखी एक. पामरचा लसींना विरोध होता, आणि त्याच्या काही चेल्यांचा आजही आहे. दोन महिन्यांच्या लसींबद्दल त्या दवाखान्यात कुणी काही सुचवलं तर ते तिथेच सोडून यायचं.

आता तुझं काम. कळ पायात उतरते का, हे तू फोनवर दोनदा टाळलंस. सीटवर बसतो त्या जागी बधिरपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं, पाऊल लटकं पडणं, असं काही असेल तर कायरोप्रॅक्टर नाही, फिजिओ नाही, सरळ इमर्जन्सी. नसेल तर उद्यापासून शेक घे, पडून राहू नकोस, घरातल्या घरात चालत राहा, आणि बर्फ काढायला महिनाभर कुणालातरी पैसे दे. बाबा म्हणतात त्यांचा कमरपट्टा पाठवतो. तो ते शर्टावरून दिवसभर बांधून बसतात, तुला नको.

रविवारी व्हिडिओवर चप्पल काढून उभा राहा. दहा पावलं टाचांवर चाल, दहा चवड्यांवर, आधी पुढून आणि मग बाजूने दाखव. मोबाईल केतकीला धरायला लावू नकोस, तिला झोपू दे, खुर्चीला टेकवून ठेव.

तुझी,
आई