केसपेपरवर लाल शाईने लिहा

महोदय,

माझे यजमान नाशिक रोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेले, वय ७४. गेल्या पावसाळ्यात लघवीच्या संसर्गाने ताप चढला म्हणून त्यांना एका रुग्णालयात ठेवले. पहिल्याच रात्री सलाईन उपटून उठले. पलंगाखाली दोन पोरं भिजून बसलीत, त्यांना टॉवेल द्या, असा एकच हट्ट. आवरेनात म्हणून शांत करायला हॅलोपेरिडॉल या मनोविकारावरच्या औषधाचे इंजेक्शन दिले गेले. सकाळी बघते तो माणूस लाकडासारखा ताठ. घोटभर पाणी गिळवेना. नऊ दिवस नाकातल्या नळीवर काढले.

नंतर न्यूरोलॉजिस्टनी विचारले, झोपेत ओरडतात, हातपाय झाडतात का? दहा वर्षांपासून, एकदा त्यांची बुक्की माझ्या गालावर बसली होती. नसलेली माणसं, जनावरं दिसतात का? तुळशीपाशी रोज मांजर दिसायचे. सकाळी नीट बोलणारे दुपारी शून्यात बघत बसतात का? हो म्हणताना मला रडू फुटले. हेच त्या पहिल्या रात्री कुणी विचारले असते तर!

आजाराचे नाव लेवी बॉडी डिमेन्शिया. मेंदूच्या पेशींत अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन साचते. हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांनी अशा रुग्णांच्या जिवावर बेतू शकते, हे १९९२ पासून डॉक्टरांना माहीत आहे. ताठरपणावर सर्रास दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळीही यांचा गोंधळ वाढवते.

आता रिव्हास्टिग्माइन हे स्मृतिभ्रंशावरचे औषध चालू आहे. आजार जाणार नाही, पण पोरं क्वचित येतात. आली की मी म्हणते, "जेवलीत ती, झोपा तुम्ही." हात थरथरतात, तरी लेव्होडोपा डॉक्टर बेतानेच देतात, कारण त्याने भास बळावतात.

पेनिसिलिनची अॅलर्जी केसपेपरवर लाल शाईने लिहितात, तसे 'लेवी बॉडी, हॅलोपेरिडॉल नको' हेही लिहिले जावे. मी ते चिठ्ठीवर लिहून यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवले आहे. आणि रात्रपाळीच्या डॉक्टरांना, सिस्टरना हात जोडून सांगते, म्हातारा माणूस एकाएकी बरळू लागला तर आधी ताप, लघवी, पोट साफ आहे का ते बघा. दिवा लावा. घरच्या माणसाला जवळ बसू द्या. त्या रात्री मला बाहेर थांबायला सांगितले होते.

— एक निवृत्त शिक्षिका, जेल रोड, नाशिक रोड